धबधब्याच्या वरचं गाव

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



आषाढ लागला की आपल्याकडे दोन वाटा भरून वाहतात. एक पंढरीची आणि दुसरी घाटाची. पहिल्या वाटेवर माणसं शेकडो वर्षं चालत आली आहेत. दुसरी वाट अलीकडची. शनिवारी रात्री बेत ठरतो, रविवारी पहाटे गाडी निघते आणि दुपारपर्यंत सह्याद्रीच्या एखाद्या कड्यासमोर ही गर्दी जमते. कुणी लोणावळ्याला जातं, कुणी भंडारदऱ्याला रंधा पाहायला, कुणी आंबोलीला, तर कुणी आमच्या साताऱ्याकडे ठोसेघरला. सगळ्यांना एकच गोष्ट पाहायची असते. धबधबा.

या गर्दीचा मला राग नाही. वर्षभर चार भिंतींत, धुरात आणि घड्याळाच्या काट्यावर जगणाऱ्या माणसाला कोसळतं पाणी पाहावंसं वाटलं, तर त्यात गैर काय आहे? मीही जातो. पन्नाशी उलटली तरी पहिला पाऊस पडला की पाय घरात ठरत नाहीत. पण इतक्या वर्षांच्या जाण्या-येण्यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. खालून दिसतो तो अर्धाच धबधबा असतो. उरलेला अर्धा वर असतो, कड्याच्या माथ्यावर, धुक्याच्या आड. तिथे पठार असतं, ओढा असतो आणि बहुतेक वेळा एक गावही असतं. आज मी तुमच्याशी त्या वरच्या अर्ध्याविषयी बोलणार आहे.

कवी माणूस आहे, तेव्हा सुरुवात शब्दापासून करतो. ‘धबधबा’ हा आपला शब्द कानानं घडवलेला आहे. डोळे मिटून म्हणून पाहा, पाणी पडल्याचा आवाज येतो. आमच्या घरात दखनी बोलली जायची आणि कपाटात उर्दू पुस्तकं असायची. त्या पुस्तकांत धबधब्याला ‘आबशार’ म्हटलेलं असे. आब म्हणजे पाणी. हा फारसी शब्द मराठीतही आला, पण येताना त्यानं वेगळा अर्थ आणला. आपण म्हणतो, आब राखून वागावं. इथे आब म्हणजे मान, तेज. ‘आबरू’ या शब्दातही तोच आब आहे. आब म्हणजे पाणी आणि रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचं पाणी म्हणजे आबरू. आणि अस्सल मराठीत तरी काय वेगळं आहे? मोत्याचं पाणी आपण पाहतो, माणसाचं पाणी जोखतो. पाणी आणि मान या दोन गोष्टी आपल्या जुन्या माणसांनी इतक्या जवळ ठेवल्या होत्या. धबधब्यावर जाताना हा एवढा एक शब्द बरोबर असला तरी पुष्कळ झालं.

आता डोंगराकडे वळू. सह्याद्री हा पायऱ्यांचा डोंगर आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, पसरला आणि थंड झाला. त्यावर पुन्हा नवा थर आला. असे थरावर थर साचले. भूगर्भशास्त्रज्ञ या खडकाला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. यातला ट्रॅप हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे. त्या थरांतले काही टणक, काही ठिसूळ. पाण्यानं ठिसूळ थर खाल्ला, टणक थर उभा राहिला. म्हणून आपल्याकडचं पाणी एकदम खाली न येता अनेक ठिकाणी टप्प्याटप्प्यानं उड्या घेत येतं. कासजवळच्या भांबवलीचा वजराई धबधबा असाच तीन टप्प्यांत उतरतो. पावसाळ्यात समोर उभं राहिलं की वाटतं, एखाद्या थोरल्या वाड्याच्या पायऱ्यांवरून कुणी हंडेच्या हंडे उपडे करतं आहे.

ठोसेघरला जायची वाट मला फार आवडते. साताऱ्यापासून अंतर सुमारे २५ किलोमीटर. वाटेत सज्जनगड लागतो. गड मागे पडला की रस्ता चढत जातो, हवा बदलते, गाडीच्या काचांवर धुकं बसतं. पायवाटेनं उतरून धबधब्यासमोरच्या सज्जावर पोचावं, तर समोर काहीच नसतं. नुसता पांढरा पडदा. आवाज मात्र पोटात वाजत असतो. नवखी माणसं चिडतात, ‘एवढ्या लांब आलो आणि दिसत काही नाही’ म्हणून परत फिरतात. माझं सांगणं असतं, थांबा. दहा मिनिटं, वीस मिनिटं थांबा. मग कुठून तरी वारा येतो, पडदा एका कडेनं सरकतो आणि दरीच्या पलीकडे हिरव्या-काळ्या कातळावरून उतरणारं ते पांढरं पाणी उलगडत जातं. सज्जावरची सगळी माणसं एकदम गप्प होतात. मिनिटभरानं धुकं पुन्हा सारं झाकून टाकतं. त्या मिनिटासाठी आलेल्या माणसाला कुणी विचारू नये की, तू इथे कशाला आलास.

पण इथून बहुतेक गाड्या परत फिरतात. फार तर गरम भजी आणि भाजलेलं कणीस होतं, फोटो होतात आणि गाड्या साताऱ्याकडे वळतात. मी म्हणतो, परत फिरू नका. तसंच वर चाळकेवाडीच्या पठारावर जा. पवनचक्क्यांसाठी ते पठार आता सगळ्यांना माहीत झालं आहे. त्या पठाराला आमच्याकडे सडा म्हणतात. मैलोन् मैल सपाट कातळ, त्यावर वीतभरही माती नाही. पावसात या सड्यावर पाणी वाहताना दिसत नाही, ते नुसतं सरकत असतं. बोटभर जाडीचा एक थर सगळ्या कातळावरून हळूहळू उताराकडे निघालेला असतो. मग त्याच्या रेघा होतात, रेघांचे ओघळ होतात, ओघळांचा ओढा होतो आणि ओढा कड्याशी पोचतो. आपण खाली ज्याला धबधबा म्हणतो, तो इथे असा थेंबाथेंबानं गोळा होत असतो. हेच पाणी पुढे तारळीला मिळतं, तारळी कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला.

एकदा त्या बाजूच्या एका सड्यावर मला एक म्हातारे गुराखी भेटले. डोक्यावर इरलं, हातात काठी. म्हणाले, “कुठनं आलासा पावणं?”

मी म्हटलं, “मामा, साताऱ्याहून. धबधबा बघायला आलो होतो. म्हटलं, वर कुठून येतो तेही बघावं.”

ते हसले. “आमच्या इथलं पाणी म्हंजी जावयावाणी. चार म्हैनं मानपान घेतंय आन दिवाळी झाली की चाललं. तुमी आता आलासा. वैशाखात या की एकदा. तवा कोन येत न्हाई.”

मी वैशाखात गेलो. मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. ज्या ओढ्याच्या आवाजानं पावसाळ्यात शेजारच्याशी ओरडून बोलावं लागलं होतं, त्या ओढ्यात गोटे तापले होते. कड्यावर पाण्याच्या जागी काळा ओरखडा उरला होता. गावाच्या खालच्या अंगाला एक झरा होता, खडकाच्या फटीतून करंगळीएवढी धार. तिच्याभोवती बायका बसल्या होत्या. एक बाई वाटीनं पाणी कळशीत भरत होती. वाटी भरायला वेळ लागे, म्हणून ती मधल्या वेळात लसूण सोलत होती. दहा-बारा कळश्या रांगेत होत्या. कुणाचं भांडण नव्हतं, कुणाची घाईही नव्हती. इतक्या वर्षांत त्या रांगेला तिची स्वतःची शिस्त आली होती.

श्रोतेहो, हे एकाच गावाचं चित्र नाही. आपल्याकडे म्हणच आहे, धरण उशाला आणि कोरड घशाला. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्याचं उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. मुंबईला पाणी देणारे मोठे जलाशय त्या परिसरात आहेत आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. धबधब्यांच्या मुलुखात असंच होतं. जिथे सर्वांत जास्त पाऊस पडतो, तिथेच पाणी सर्वांत आधी संपतं.

असं का होतं? कारण धबधबा आणि टंचाई या एकाच घरातल्या दोघी बहिणी आहेत. कातळ पाणी पीत नाही. मातीचा थर पातळ, उतार तीव्र. पडलेला पाऊस काही तासांत कड्याशी पोचतो आणि उडी घेतो. थोडं पाणी जांभ्या दगडात, खडकाच्या फटींत, झाडांच्या मुळांशी मुरतं. उन्हाळ्यातला झरा त्या मुरलेल्या पाण्यावर जगतो. वरचं रान तुटलं, की मुरायचं पाणीही वाहून जातं. मग पावसाळ्यात धबधबा जास्त गढूळ होतो आणि उन्हाळ्यात झरा लवकर आटतो. पूर्वी गावोगाव देवाच्या नावानं राई राखलेली असे. तिच्यातली काटकीही कुणी मोडत नसे. अशा कितीतरी रायांच्या पोटाशी आजही पाण्याचा झरा सापडतो. जुन्या माणसांनी देवाला मधे घालून पाणी राखलं होतं.

एक साधा हिशेब सांगतो. शाळेतल्या मुलालाही करता येईल असा आहे. एक चौरस किलोमीटर सडा घ्या आणि त्यावर फक्त एक सेंटिमीटर पाऊस पडला असं समजा. ते पाणी किती होतं? एक कोटी लिटर. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर एक हजार टँकर. त्यातलं निम्मं मुरलं, अडलं, असं मानलं तरी पाचशे टँकर पाणी त्या कड्यावरून खाली जातं. आणि घाटमाथ्यावर एक सेंटिमीटर पाऊस म्हणजे काही मोठा पाऊस नव्हे. जोराची सर आली तर तासाभराच्या आत तेवढा पडून जातो. म्हणजे जे गाव मे महिन्यात एका टँकरकडे डोळे लावून बसतं, त्याच गावाच्या डोक्यावरून जुलैमध्ये एका सरीत शेकडो टँकर निघून जातात.

आपल्या पूर्वजांना हा हिशेब येत होता. किल्ले बांधणाऱ्यांनी डोंगराच्या माथ्यावर आधी पाणी पाहिलं. टाकी खोदली, तळी बांधली. खोदताना निघालेला दगड तटाला वापरला आणि झालेल्या खड्ड्यात पावसाळा साठवला. सज्जनगडावर तळी आहेत, रायगडावर गंगासागर आहे. कड्यावरून उडी घ्यायला निघालेलं पाणी त्यांनी वरच्या वर थांबवलं आणि त्यावर वर्षभर शिबंदी पोसली. साताऱ्याच्या नळाला कासच्या तलावाचं पाणी येतं, तोही ब्रिटिश अमदानीत बांधलेला, शहराहून उंचावरचा तलाव. तेव्हा उपाय नवे शोधायला नकोत. वरचं रान राखणं, झऱ्याचं तोंड बांधून घेणं, लहान लहान टाकी आणि बंधारे करणं, हे ठाऊक असलेलंच काम आहे. अडचण एवढीच, की आपली नजर खाली असते. पर्यटकाची असते आणि योजना आखणाऱ्याचीही असते.

लहानपणी आमची दादी आम्हा भावंडांना वजू करायला शिकवायची. नमाजाआधी हातपाय, तोंड धुण्याची ती रीत. तांब्यातलं पाणी उगाच सांडलं, की ती हात धरायची. सांगायची, वाहत्या नदीच्या काठी बसून वजू केली तरी पाणी गरजेपुरतंच घ्यावं, अशी आपल्याला शिकवण आहे. मी विचारायचो, “दादी, नदीत एवढं पाणी आहे, आपल्या एका चुळीनं काय कमी होणार?” दादी म्हणायची, “पानी कम नहीं होता बेटा, आदत बिगडती.” मला वाटतं, ही शिकवण कोणत्या एका धर्माची म्हणून ठेवू नये. ज्याच्या समोर पाणी भरभरून पडतं आहे, त्याच्यासाठीच ती खरी आहे.

आता वरच्या अर्ध्याचं दुसरं रूप. ते भयाचं आहे.

महाबळेश्वर हे आपल्या पाण्याचं माहेर. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम तिथल्या पंचगंगा मंदिरात मानला जातो. वेण्णेचा लिंगमळा धबधबा पाहायला तुमच्यापैकी अनेक जण गेले असतील. एकाच माथ्यावर पडलेला एक थेंब पूर्वेला गेला, तर कृष्णेतून सुमारे चौदाशे किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळतो. दुसरा थेंब हातभर पश्चिमेला पडला तर सावित्रीतून पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीत, अरबी समुद्राला. पाऊसही तसाच पक्षपाती. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक, जवळच्या पाचगणीला त्याच्या निम्म्याहूनही कमी आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माणदेशात वर्षभरात जेमतेम पाचशेच्या आसपास.

२२ जुलै २०२१ या दिवसाची आठवण करा. २३ तारखेच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. माणदेशाला वर्षभरात जेवढा मिळतो, त्याहून अधिक पाऊस एका दिवसात. एकाच जागी साचला असता तर जवळजवळ दोन फूट पाणी. ते साचलं नाही, कड्यांवरून उतरलं. खाली सावित्रीच्या काठी महाड बुडालं. महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. आपल्या बाजूला पाटण तालुक्यातही दरडींनी घरं गिळली. एरवी ज्यांचे आपण फोटो काढतो, तेच पाणी, तेच कडे. फरक फक्त वर किती पडलं, याचा.

म्हणून धबधब्याखाली उभ्या असलेल्या माणसाला मी एकच प्रश्न विचारायला सांगतो. ‘इथे पाऊस आहे का’ असं विचारू नका, ‘वर पाऊस आहे का’ असं विचारा.

३० जून २०२४ ला, रविवारी, लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या ओढ्यात काय घडलं, ते आपण सर्वांनी पाहिलं आहे. एकाच कुटुंबातली माणसं खडकावर एकमेकांना धरून उभी होती. चहूकडून पाणी वाढत होतं. काठावरची माणसं हाका मारत होती, पण मधल्या पाण्यात कुणाला पाय टाकता येत नव्हता. पाच जण गेले. त्यांत लहान लेकरं होती. गेलेल्यांकडे बोट दाखवायला मी हे सांगत नाही. ती माणसं तुमच्या-आमच्यासारखी सहलीला आलेली होती. त्या घटनेनंतर पुणे जिल्हा प्रशासनानं धोक्याच्या ठिकाणी पाण्यात उतरायला मनाई केली. पण हुकूम फळ्यावर राहतो, आणि पाणी फळा वाचत नाही.

मला स्वतःला पाहायला मिळालेली एक गोष्ट सांगतो. कोयनेच्या खोऱ्यातल्या एका लहानशा ओढ्यावर मी माझ्या पुतण्याबरोबर आणि त्याच्या मित्रांबरोबर गेलो होतो. मी काठावरच्या खडकावर बसलो होतो, पोरं पाण्यात. पाणी गुडघ्याएवढं, काचेसारखं स्वच्छ. वर लख्ख ऊन. शेजारी आणखी एक टोळकं होतं, त्यांच्या स्पीकरवर मोठ्यानं गाणी चालू होती. तेवढ्यात वरच्या वाटेनं डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई उतरत आली. ती थबकली, तिनं भारा टाकला आणि ओरडली, “ए पोरांनो, भाईर या आधी! वर काळं झालंया!”

पुतण्या म्हणाला, “चाचा, इकडे तर ऊन आहे.”

मी म्हटलं, “बाई सांगतेय ना, निघा.” सगळे निघाले, ते दुसरं टोळकंही कुरकुरत बाहेर आलं. पाव तासाच्या आत ओढ्याचा रंग बदलला. आधी पाण्यावर पाला आणि काटक्या आल्या, मग पाणी तांबडं झालं आणि मग मुलं ज्या खडकावर बसली होती तो खडकच दिसेनासा झाला. ऊन तसंच होतं. मी त्या बाईला विचारलं, “ताई, तुम्हाला कसं कळलं?” ती म्हणाली, “पान्याचा आवाज बदलला व्हता की. तुमच्या गान्यात तुमास्नी कसा ऐकू यायचा?”

मी पुष्कळ पुस्तकं वाचली, पण ऐकण्याविषयी याहून नेमकं वाक्य मला कुठे भेटलेलं नाही.

तिच्या एका वाक्यात सगळी सुरक्षितता आली. धबधब्यावर गेलात तर गाणी बंद ठेवा, कान उघडे ठेवा. पाणी गढूळ झालं, पाला-काटक्या येऊ लागल्या, आवाज जड झाला, तर सामान गोळा करत बसू नका. पाण्याच्या दिशेनं खाली धावू नका, बाजूच्या उंच जागेवर चढा. प्रवाहाच्या मधल्या खडकावर बैठक मांडू नका, कारण परतीची वाट पाण्यातून असते. पाण्याबरोबर वरून दगडही येतात, म्हणून थेट धारेखाली डोकं धरू नका. खालचा डोह वरून शांत दिसतो, आत भोवरा असतो. शेवाळलेल्या खडकावर पाय आणि कड्याच्या टोकावर मोबाइल, हे दोन्ही टाळा. दारू पिऊन तर पाण्याजवळ जाऊच नका. आणि सर्वांत सोपी गोष्ट, गावातल्या माणसाला विचारा. त्यानं ‘आज नको’ म्हटलं, तर ‘का’ असं न विचारता ऐका.

गावातल्या माणसाचं आपल्याकडे काही मागणं असतं का? असतं, पण तो बोलून दाखवत नाही. खाचरात लावलेल्या भाताच्या रोपांत आपल्या गाडीचं चाक जाऊ नये, एवढं त्याचं मागणं असतं. फोडलेल्या बाटलीची काच चिखलात राहते आणि ती त्याच्या बैलाच्या, त्याच्या लेकराच्या पायात शिरते. ती फोडली जाऊ नये, एवढं मागणं असतं. आपण ओढ्यात टाकलेली पिशवी पुढच्या गावाच्या पाण्यात जाते, ती आपण परत न्यावी, एवढं असतं. कासला आणि इतर काही ठिकाणी स्थानिक गावांच्या समित्या पर्यटकांकडून शुल्क घेतात. तिथे वाद घालणारी, मोठाल्या गाड्यांतून आलेली माणसं मी पाहिली आहेत. ते पैसे हसतमुखानं द्यावेत. शक्य असेल तर जेवणाचा डबा घरून न आणता गावातल्या एखाद्या घरी आधी सांगून पिठलं-भाकरी खावी. पाणी त्यांचं पाहिलं, तर घास त्यांच्या चुलीवरचा का नको?

आणि जमलं तर आणखी एक करा. ज्या धबधब्यावर जुलैमध्ये गेलात, तिथेच एकदा मे महिन्यात जा. कोरडा कडा पाहायला कुणी जात नाही, पण धबधबा खऱ्या अर्थानं कळतो तो तिथे. वरच्या गावात कुणाच्या तरी ओसरीवर बसाल. बाई आतून तांब्या-भांडं आणेल. आमच्या मुलुखात आलेल्याला आधी पाणी विचारायची रीत आहे, ती मे महिन्यातही मोडत नाही. तो तांब्या किती लांबून आणि किती वेळानं भरून आला आहे, हे तुम्हाला ठाऊक असेल. मग तुम्ही भांड्यात तळाशी घोटभरही पाणी उरू देणार नाही.

श्रोतेहो, आब राखणं म्हणजे दुसरं काय असतं? पाण्याचा मान, पाणी ज्यांच्या डोक्यावरून जातं त्या माणसांचा मान आणि ते पाणी पाहायला गेलेल्या आपला स्वतःचा मान, हे तिन्ही एकत्र राखले जावेत. या पावसाळ्यात जरूर जा. लेकरांना घेऊन जा, म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन जा. धुकं असेल तर थांबा, पडदा सरकेल. डोळे भरून पाहा. आणि पाहून झालं की निघण्याआधी शेजारी उभ्या असलेल्या तुमच्या लेकराला कड्याचा माथा दाखवा आणि सांगा, बाळा, हे पाणी तिथून येतं, आणि तिथे माणसं राहतात.